कॉन्सर्टची टेप आणि तिची वंशावळ : लाइव्ह रेकॉर्डिंग्ज जमवायला सुरुवात करताना

एखाद्या बँडचे सगळे अल्बम पाठ झाले तरी मन भरत नाही, तेव्हा माणूस लाइव्ह रेकॉर्डिंग्जकडे वळतो. स्टुडिओत चार मिनिटांत संपलेलं गाणं स्टेजवर अठरा मिनिटं चालतं. लागोपाठच्या दोन रात्री तेच गाणं दोन वेगळ्या तऱ्हांनी वाजतं. एकदा ही चटक लागली की सुटत नाही, आणि मग जे दिसेल ते उतरवून घ्यायची घाई होते. सहा महिन्यांत डिस्क भरते आणि तिच्यात ‘लाइव्ह १’, ‘लाइव्ह बेस्ट’ अशा नावांच्या शेकडो फाइल्स असतात. कुठल्या शहरातल्या, कुठल्या रात्रीच्या, कुणी केलेल्या, काही पत्ता नसतो.

मीही हेच केलं आणि त्याची किंमत मोजली. एका मित्राने स्वतःजवळच्या कॅसेटवरून एक कॉन्सर्ट मला उतरवून दिली होती. सोबत एका कागदावर कॅसेट त्याच्याकडे कशी आली, कोणत्या डेकवर वाजवली, हे सगळं लिहून दिलं होतं. जागा वाचवायची म्हणून मी ती एमपीथ्री केली, मूळ फाइल पुसली आणि कागदही कुठेतरी गेला. पुढे त्याची कॅसेट डेकमध्ये गुंडाळून कायमची खराब झाली. ती रात्र आज माझ्याजवळ आहे, पण पुढे कुणाला देण्याजोगी नाही. म्हणून या लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल : रेकॉर्डिंगइतकीच त्याची वंशावळ, म्हणजे ते कुणाकडून, कशावरून आलं याची नोंद, जपा.

आधी परवानगीचं बघा

प्रत्येक बँडचं धोरण वेगळं असतं आणि ते आधी माहीत करून घ्यावं लागतं. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने श्रोत्यांना कॉन्सर्ट रेकॉर्ड करू दिल्या. १९८४ साली तर मिक्सिंगच्या टेबलामागे टेपर्ससाठी, म्हणजे कॉन्सर्ट टेप करणाऱ्या श्रोत्यांसाठी, स्वतंत्र जागाच राखायला सुरुवात केली. अट एकच : रेकॉर्डिंग विकायचं नाही, आपसात द्यायचं-घ्यायचं. फिशसारखे बँड याच वाटेने गेले. पर्ल जॅमने दुसरा मार्ग धरला. २००० सालच्या दौऱ्यातल्या कॉन्सर्ट्सचे तब्बल ७२ लाइव्ह अल्बम त्यांनी स्वतःच विक्रीला काढले. फ्रँक झॅपा या अमेरिकन रॉक संगीतकाराने १९९१ मध्ये चोरून विकल्या जाणाऱ्या आपल्याच रेकॉर्डिंग्जचा संच अधिकृतपणे बाजारात आणला, कारण त्या विक्रीची त्याला मनस्वी चीड होती.

काही बँडना मात्र हे अजिबात चालत नाही. गाण्याचा कॉपीराइट वेगळा आणि वादकाचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क वेगळा. हा दुसरा हक्क १९६१ च्या रोम करारापासून आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. त्यामुळे ‘मी तिकीट काढलं होतं’ एवढ्याने रेकॉर्डिंग तुमचं होत नाही. नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं असं की सुरुवात उघड परवानगी देणाऱ्या बँडपासूनच करा. तिथेच आयुष्यभर पुरेल एवढं संगीत आहे. आणि दोन नियम कायम पाळा : पैसे घ्यायचे नाहीत, द्यायचेही नाहीत, आणि बँडने अधिकृतपणे विकायला काढलेलं रेकॉर्डिंग वाटायचं नाही, ते विकत घ्यायचं.

आधी कळायला हवेत असे काही शब्द

‘साउंडबोर्ड’ म्हणजे मिक्सिंगच्या टेबलावरून थेट घेतलेला आवाज. ‘ऑडियन्स’ म्हणजे प्रेक्षकांत माइक लावून केलेलं रेकॉर्डिंग. ‘एफएम’ म्हणजे रेडिओवरून प्रसारित झालेली कॉन्सर्ट घरी कुणीतरी टेप केलेली. ‘मॅट्रिक्स’ म्हणजे साउंडबोर्ड आणि ऑडियन्स एकत्र मिसळून केलेलं.

नव्या माणसाला वाटतं की साउंडबोर्ड म्हणजे सर्वांत उत्तम. तसं नसतं. टेबलावरचं मिक्स त्या सभागृहासाठी केलेलं असतं. सभागृह लहान असेल तर गिटारचा अँप्लिफायर आणि ड्रम यांचा आवाज स्टेजवरूनच लोकांपर्यंत पोचतो, त्यामुळे टेबलावरून ते कमीच सोडलेले असतात. रेकॉर्डिंगमध्ये मग गायक कानात आणि गिटार शेजारच्या खोलीत, असा प्रकार होतो. उलट चांगल्या जागी, चांगल्या माइकने केलेलं ऑडियन्स रेकॉर्डिंग त्या हॉलमध्ये नेऊन बसवतं. माइक मिलार्ड या टेपरने लेड झेपेलिनची लॉस एंजेलिसच्या फोरममधली २१ जून १९७७ ची कॉन्सर्ट व्हीलचेअरमध्ये लपवून नेलेल्या उपकरणांवर रेकॉर्ड केली. ती ऑडियन्स टेप आजही जाणकार आदराने ऐकतात. (लपवून नेण्याचा सल्ला मी देत नाही. पण कान तयार करायला ती टेप उत्तम आहे.)

‘पिढी’ हा शब्द कॅसेटच्या काळातला. मूळ टेप म्हणजे मास्टर, तिच्यावरून केलेली पहिली पिढी, त्यावरून दुसरी. दर पिढीला सूसू असा हिस्स वाढत जातो, झांजेची धार बोथट होते आणि वेगातली चूक पुढे सरकते. डिजिटलमध्ये नुसती कॉपी करताना हा तोटा होत नाही, पण टेप डिजिटल होण्याआधी किती पिढ्या गेल्या हे महत्त्वाचंच राहतं.

या सगळ्याची साखळी, म्हणजे माइक, रेकॉर्डर, टेप, डेक, संगणक, फाइल, हिलाच टेपर मंडळी लिनिएज म्हणतात. मी वंशावळ म्हणतो.

कुठून घ्यायचं, काय घ्यायचं

पहिली पायरी म्हणून इंटरनेट आर्काइव्हचा लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह हा विभाग उघडा. ई-ट्री या टेपर्सच्या गटाच्या सहकार्याने तो २००२ साली सुरू झाला. परवानगी दिलेल्या बँडच्याच कॉन्सर्ट्स तिथे ठेवल्या जातात आणि आजघडीला त्या दोन लाखांहून जास्त आहेत. ग्रेटफुल डेडची बहुतेक साउंडबोर्ड्स तिथे फक्त ऐकता येतात, ऑडियन्स रेकॉर्डिंग्ज मात्र उतरवून घेता येतात. हा फरक बँडच्या इच्छेनुसार केलेला आहे आणि तो पाळायचा.

घेताना फाइल फ्लॅकमध्ये असेल तीच घ्या. फ्लॅकमध्ये आकार कमी होतो पण आवाजातलं काहीही टाकून दिलं जात नाही. एमपीथ्रीत ते टाकून दिलं जातं आणि परत मिळत नाही. सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज मिनिटाला साधारण १० एमबी घेतो, म्हणजे अडीच तासांची कॉन्सर्ट दीड जीबीच्या आसपास. फ्लॅकमध्ये ती बहुधा जवळपास निम्म्यावर येते. फोनवर ऐकायला एमपीथ्री खुशाल करा, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. ती कधीही पुढे द्यायची नाही आणि तिच्यावरून पुन्हा फ्लॅक तर मुळीच करायची नाही. असली फाइल बाहेरून लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावलेली, दिसते, आतून पोकळ असते, आणि एकदा फिरायला लागली की शेकडो लोकांच्या संग्रहात शिरते.

ती ओळखायची कशी? स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांचं चित्र, काढणारं एखादं सॉफ्टवेअर घ्या आणि चित्र बघा. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीतून आलेल्या आवाजाचं चित्र १६ किलोहर्ट्झच्या आसपास कात्रीने कापल्यासारखं सरळ संपतं. पण इथे घाईने निवाडा करू नका. एफएम रेडिओच १५ किलोहर्ट्झच्या पुढचा आवाज पाठवत नाही, त्यामुळे अस्सल एफएम टेपही तिथेच थांबते. तिच्यात कधीकधी १९ किलोहर्ट्झवर एक बारीक आडवी रेघ दिसते, ती स्टीरिओ प्रसारणाच्या पायलट सिग्नलची. आणि जुन्या कॅसेटचा वरचा आवाज कापल्यासारखा न संपता हळूहळू विरत जातो. म्हणजे चित्र वाचण्याआधी वंशावळ वाचायची.

उतरवून घेतल्यावर, ऐकण्याआधी

प्रत्येक नीट तयार केलेल्या फोल्डरमध्ये गाण्यांसोबत एक टेक्स्ट फाइल आणि एक चेकसमची फाइल असते. चेकसम म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. एमडी५ हा ठसा पूर्ण फाइलचा असतो, त्यामुळे तुम्ही गाण्याचं नाव टॅगमध्ये बदललं तरी तो बदलतो. फ्लॅक फिंगरप्रिंट फक्त आतल्या आवाजाचा असतो, टॅग बदलला तरी तो तसाच राहतो. उतरवल्या उतरवल्या हे ठसे जुळतात का ते तपासा. दोन मिनिटांचं काम आहे. न जुळणारी फाइल लगेच कळली तर पुन्हा घेता येते. पाच वर्षांनी कळली तर बहुतेक वेळा मूळ जागाच उरलेली नसते.

आणि ती टेक्स्ट फाइल कधीही पुसू नका, तिच्यातला मजकूर बदलूही नका. काही भर घालायची असेल तर खाली स्वतंत्र ओळीत तारखेसह घाला.

एकाच रात्रीच्या दोन प्रती

या छंदातला मला सर्वांत आवडणारा भाग हा. एकाच कॉन्सर्टच्या दोन प्रती हाती येतात आणि त्या एकाच मूळ टेपच्या आहेत की दोन वेगळ्या माणसांनी केलेल्या, हे शोधायचं असतं.

माझ्याकडे सत्तरच्या दशकातल्या एका कॉन्सर्टच्या अशा दोन प्रती होत्या. एकीवर ‘पहिली पिढी’ लिहिलेलं, दुसरीवर काहीच नाही. दुसरी मला आवाजाने अगदी वेगळी वाटली : जाड, घुमणारी, झांजा जवळपास नाहीतच. हेडफोन लावून गाण्यांच्या मधल्या जागा ऐकत बसलो. तिसरं गाणं संपतं, गिटारवाला तार जुळवतो, आणि तेवढ्यात माइकच्या अगदी जवळ कुणीतरी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारतं. ती ओसरते न ओसरते तोच एका बाईचा खोकला. पहिल्या प्रतीत हे डावीकडून येतं. दुसऱ्या प्रतीत तीच शिट्टी, तोच खोकला, मध्ये तेवढंच अंतर, पण उजवीकडून! म्हणजे टेप एकच. मधल्या कुठल्यातरी पिढीत कुणीतरी डावी-उजवी वायर उलटी लावली होती. खात्रीसाठी पुढे एका लांब गाण्याच्या मध्यावर गेलो. दोन्ही प्रतींत तिथे आवाज तुटून परत येतो. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते, टेपरने तिथे बाजू पलटली होती. तुटण्याची जागा दोन्हींत एकाच ठोक्यावर.

वाद्यांनी फसवता येतं, टाळ्यांनी नाही. प्रेक्षकांचा आवाज प्रत्येक माइकपाशी वेगळा असतो, म्हणून प्रती जुळवताना गाणी सोडा आणि गाण्यांमधल्या फटी ऐका. डावं-उजवं कुठलं खरं हे ठरवायला त्या काळचे स्टेजचे फोटो बघा. बास वाजवणारा प्रेक्षकांच्या कोणत्या हाताला उभा राहायचा, हे बहुतेक बँडचं ठरलेलं असतं.

तुमच्या हाती जुनी कॅसेट आली तर

हे भाग्य प्रत्येकाला मिळतं असं नाही. मिळालं तर घाई करू नका.

डेकचं हेड साफ करा. मग टेप पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवून घ्या. वाजवण्याच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमुथ, बदलतो. रेकॉर्ड करणाऱ्या डेकचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन सहसा जुळत नाही, आणि त्या सूक्ष्म फरकाने वरचा सगळा आवाज मातीमोल होतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐका, चुंबकत्व नसलेल्या पेचकसाने स्क्रू अगदी केसभर इकडे-तिकडे करा, आणि हाय-हॅट, म्हणजे ड्रमसोबतची झांजांची जोडी, जिथे सर्वांत टवटवीत ऐकू येईल तिथे थांबा. आवाज २४ बिटमध्ये घ्या, पातळी शून्याच्या सहा डेसिबल खालीच राहू द्या.

आता वेग. जुने पोर्टेबल रेकॉर्डर बॅटरी उतरली की हळू चालत, आणि हळू रेकॉर्ड झालेली टेप नीट डेकवर वाजवली की जलद आणि चढ्या सुरात येते. एका टेपवर गायकाचा आवाज मला सारखा चिमटल्यासारखा वाटायचा. शेवटी गाण्यांमधली शांत जागा घेऊन तिचं विश्लेषण केलं, तर तळाशी ६२ हर्ट्झवर एक बारीक गुणगुण सापडली. कॉन्सर्ट अमेरिकेतली. तिथल्या विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, आणि अँप्लिफायर त्याच सुरात गुणगुणतात. म्हणजे टेप तीन टक्क्यांहून थोडी जास्त जलद होती, साधारण अर्ध्या सेमीटोनाएवढी (सेमीटोन म्हणजे अर्धा सूर) चढी. तेवढी मंद केली आणि गायक माणसात आला. युरोपातल्या टेपवर हीच गुणगुण ५० हर्ट्झची शोधायची. एक सावधगिरी : गुणगुण मधल्या एखाद्या कॉपीच्या वेळीही शिरलेली असू शकते, म्हणून गिटारच्या सुराशी पडताळा घ्या. आणि नुसत्या गिटारवरही विसंबू नका, कारण अनेक रॉक बँड सगळ्या तारा मुद्दाम अर्धा सूर उतरवून लावतात.

यापुढे हात आवरा. हिस्स काढून टाकणारी सॉफ्टवेअर्स मिळतात, पण हिस्सबरोबर झांजांची शेपूट आणि हॉलचा घुमारही जातो. न छेडलेली मूळ फाइल कायम ठेवा. वेग सुधारलेली प्रत वेगळी करा आणि काय सुधारलं ते आकड्यात लिहा.

गाणी वेगळी करणं, नावं, टेक्स्ट फाइल

पुढे कुणी सीडीवर उतरवेल या हिशेबाने गाणी कापायची पद्धत आजही पाळली जाते. सीडीवर सेकंदाचे ७५ भाग असतात आणि प्रत्येक भागात आवाजाचे ५८८ नमुने. त्या हद्दीवर न कापलेल्या फाइल्स सीडीवर टाकल्या की दोन गाण्यांच्या सांध्यावर टिचकी ऐकू येते. हे जुळवून देणारी साधनं फुकट मिळतात. कापताना टाळ्या आधीच्या गाण्याकडे ठेवा आणि पुढच्या गाण्याची ओळख करून देणारं बोलणं त्या पुढच्या गाण्याकडे.

फोल्डरचं नाव : बँडची दोन-चार अक्षरं, मग तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, जसं १९७७-०५-०८, मग स्रोत. तारीख अशी लिहिली की सगळा संग्रह आपोआप कालक्रमाने लागतो. दिवस आधी लिहिणाऱ्यांचं आणि महिना आधी लिहिणाऱ्यांचं भांडणही मिटतं. ५ ऑगस्ट की ८ मे, या घोळाने चुकीच्या तारखेच्या टेपा मी कितीतरी पाहिल्या आहेत.

टेक्स्ट फाइलमध्ये बँड, तारीख, सभागृह, शहर, सेटलिस्ट (वाजलेल्या गाण्यांची क्रमवार यादी), वंशावळ, कुठे तुटलंय, कुठे वेग सुधारलाय, आणि टेपरचं नाव त्याची हरकत नसेल तर. टेपरने पदरच्या पैशांनी माइक घेतला, तीन तास उभं राहून टाळीही न वाजवता रेकॉर्डिंग केलं. त्याचं नाव पुसून आपलं लावणं ही चोरी आहे, आणि या जगात ती फार लवकर पकडली जाते. जे माहीत नाही तिथे ‘अज्ञात’ लिहा. अंदाजाने ‘मास्टर’ लिहिलेलं एकदा पसरलं की मागे घेता येत नाही.

पुढे देताना

कॅसेटच्या काळात नवख्याकडे देण्यासारखं काही नसायचं, तेव्हा तो कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवायचा आणि जुना माणूस त्याला कॉपी करून द्यायचा. ती उदारता हाच या छंदाचा कणा आहे. आज टॉरेंटवर घेत असाल तर आपलं उतरवून झालं म्हणून लगेच बंद करू नका. घेतलं तेवढं तरी पुढे जाऊ द्या. तीच आवृत्ती आधीपासून फिरते आहे का, हे ठशावरून तपासा, आणि असेल तर नव्या नावाने पुन्हा सोडू नका.

साठवणीचं थोडक्यात : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. रेकॉर्डेबल सीड्यांवर भरवसा ठेवू नका, त्यांचा थर काळाने उतरतो. वर्षातून एकदा सगळे ठसे पुन्हा तपासा. ग्रेटफुल डेडची ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन हिने केलेल्या शेकडो टेपा एका भाड्याच्या गोदामात होत्या. भाडं थकलं आणि १९८६ मध्ये त्यांचा लिलाव झाला. कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ८ मे १९७७ ला झालेली कॉन्सर्टही तिनेच टेप केलेली. पुढे ती अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेली आणि २०१७ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. त्या गोदामातल्या टेपा घेणाऱ्यांनी त्या कचऱ्यात टाकल्या असत्या तर त्यांच्यावरचं संगीत कायमचं गेलं असतं.

स्वतः रेकॉर्ड करायचं असेल तर

बँडची परवानगी आहे याची खात्री करून सभागृहाशीही आधी बोला. छोटा रेकॉर्डर आणि दोन माइक पुरेत. ध्वनिमिश्रण करणारा माणूस जिथे बसतो त्याच्या आसपास, लोकांच्या डोक्यांच्या वर माइक येतील असं उभे राहा, कारण तो स्वतःच्या कानांसाठी आवाज तिथेच जुळवत असतो. पातळी पहिल्या गाण्यात ठरवा आणि मग हात लावू नका. रॉक कॉन्सर्ट शेवटाकडे जोरात होत जाते, तेव्हा सुरुवातीला बारा डेसिबल मोकळे ठेवा. कानात बोळे घाला. नव्या बॅटऱ्या टाका, जुन्या खिशात ठेवू नका, घाईत अदलाबदल होते.

बँड स्टेजवर यायच्या आधी माइकजवळ हळू आवाजात तारीख, शहर आणि सभागृहाचं नाव बोला. टेक्स्ट फाइल हरवली तरी हे हरवत नाही. आणि एन्कोर, म्हणजे लोकांच्या आग्रहाने शेवटी वाजवलेलं जादा गाणं, झाला, लोक दाराकडे निघाले, तरी रेकॉर्डर चालू ठेवा. हॉलचे सगळे दिवे लागून स्पीकरवर दुसऱ्याच कुणाचं गाणं सुरू झालं, की मगच बंदचं बटण दाबा.